तलवारबाजीचे हॉल मोठ्यांसाठीही उघडा

प्रति,
राज्यातील जिल्हा तलवारबाजी संघटनांचे पदाधिकारी, प्रशिक्षक आणि जिल्हा क्रीडा संकुल समित्या

विषय: सर्व वयाच्या नवशिक्यांना तलवारबाजी शिकण्याची सोय करण्याबाबत

सप्रेम नमस्कार,

मागणी आधीच सांगते. ज्या हॉलमध्ये आज फक्त शाळकरी मुलांच्या बॅचेस चालतात, तिथे आठवड्यातल्या दोन संध्याकाळी मोठ्या माणसांनाही तलवार हातात घेऊ द्या. आणि नववी-दहावीतली एखादी मुलगी पहिल्यांदाच दारात उभी राहिली, तर ‘आता उशीर झाला’ म्हणून तिला परत पाठवू नका.

मी एका तलवारबाज मुलीची आई आहे. तलवारबाजीत फॉईल, ईपी आणि सेबर अशा तीन प्रकारच्या तलवारी असतात. मुलगी सेबर खेळायची. तिला सोडायला-आणायला जाता जाता मला या खेळाची ओढ लागली आणि चाळिशी उलटल्यावर मी ईपी शिकायला सुरुवात केली. ज्या हॉलमध्ये मुलगी शिकली तिथे मला प्रवेश मिळाला नाही, कारण अर्जावर वयाचे रकाने विसाव्या वर्षापाशी संपत होते. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका प्रशिक्षकांनी मला मुलांच्या बॅचनंतरचा वेळ दिला. त्या सरांमुळे आज मी खेळते, जिल्हा स्पर्धांत शस्त्र तपासणीच्या टेबलावर बसते आणि हे पत्र लिहिते आहे.

आपल्या राज्यात हा खेळ कसा चालतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. शालेय स्पर्धा, दहावी-बारावीचे सवलतीचे गुण, पुढे सरकारी नोकरीतले ५ टक्के खेळाडू आरक्षण. या वाटेने मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या कितीतरी घरांत नोकरी आली, मुली घराबाहेर पडल्या, रेल्वेने राष्ट्रीय स्पर्धांना जाऊन आल्या. त्याबद्दल माझ्या मनात फक्त आदर आहे. पण या वाटेचा एक परिणाम आपण सगळेच बघतो. मूल अकराव्या-बाराव्या वर्षी येते आणि बारावीचा निकाल लागला की किट परत करून जाते. दर वर्षी तेच. हॉल भरलेला दिसतो, पण पिस्टवर, म्हणजे लढतीच्या पट्टीवर, कुणीही सहा-सात वर्षांपेक्षा जास्त टिकलेले नसते. जिल्हा स्पर्धेला पंच कमी पडतात, वार लागल्यावर दिवा पेटवणारी तलवारीतली वायर कुणाला बदलता येत नाही, आणि एक प्रशिक्षक चाळीस मुलांना एकट्याने लंज (पुढचा पाय लांब टाकून करायचा वार) शिकवत राहतो.

भवानी देवीचे उदाहरण आपण मुलांना नेहमी देतो. चेन्नईची ही मुलगी २००४ मध्ये शाळेत असताना तलवारबाजीकडे आली. सुरुवातीला तलवारी महाग म्हणून बांबूच्या काठ्यांनी सराव केला. पुढे केरळमधल्या थलासेरीच्या साई (भारतीय क्रीडा प्राधिकरण) केंद्रात सागर लागू सरांच्या हाताखाली घडली. ऑलिम्पिकला पात्र ठरलेली ती पहिली भारतीय तलवारबाज. टोकियोत २०२१ मध्ये पहिली लढत तिने १५-३ अशी जिंकली, तेव्हा ती २७ वर्षांची होती. आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत भारताला पहिले पदक तिने २०२३ मध्ये चीनमधल्या वुशी इथे मिळवून दिले, म्हणजे खेळ सुरू केल्यानंतर १९ वर्षांनी. आपल्या हॉलचा रिवाज तिला लागू झाला असता, तर अठराव्या वर्षी तिचे किट परत घेतले गेले असते. ही गोष्ट आपण मुलांना सांगतो, पण वेळापत्रक आखताना विसरतो.

आता वयानुसार शिकण्याबद्दल. इथे थोडे सविस्तर लिहिते, कारण ‘सगळ्यांना घ्या’ म्हणजे ‘सगळ्यांना एकाच रांगेत उभे करा’ असे माझे म्हणणे नाही.

सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना स्पर्धेची घाई नको. या वयात पाय शिकतात. पुढे-मागे सरकणे, थांबणे, जोडीदाराचा हातमोजा खाली पडायच्या आत झेलणे, अंतर राखून पाठलाग करणे, एवढ्या खेळांतून मूल अर्धी तलवारबाजी शिकून जाते. हातात प्लास्टिकची किंवा लहान पात्याची तलवार पुरे. हा एकांगी खेळ आहे. उजव्या हाताचे मूल वर्षानुवर्षे उजवाच पाय पुढे टाकते, उजव्याच मांडीवर लंज घेते. म्हणून लहान मुलांकडून दुसऱ्या बाजूनेही फुटवर्क करून घ्यावे, हे माझ्या सरांनी मला पहिल्या आठवड्यात सांगितले. अनेक हॉलमध्ये मात्र दहा वर्षांखालच्या मुलांनाही लगेच मास्क घालून गुण मोजायला बसवतात, कारण पालकांना प्रमाणपत्र हवे असते. मीही पालक आहे. आम्हा पालकांना ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार प्रशिक्षकांनी वापरावा, अशी माझी विनंती आहे.

तेरा ते सोळा हे वय सगळ्यात नाजूक. अंग झपाट्याने वाढते, गुडघे दुखू लागतात, कालपर्यंत बरोबर बसणारे अंतर आज चुकते, कारण हातच लांब झालेला असतो. या वयातले मूल दोन-तीन महिने मागे पडले की ‘याच्यात दम नाही’ असा शिक्का बसतो. आणि याच वयात नव्याने आलेल्यांना आपण उशिरा आलेले ठरवतो. वास्तविक याच मुलांना खेळाचे कारण समजते. फॉईलमध्ये दोघांचेही दिवे लागले तरी गुण एकालाच का मिळतो, हल्ल्याचा हक्क (आधी हल्ला सुरू करणाऱ्याला मिळणारा अग्रक्रम) कुणाचा, पॅरी झाल्यावर, म्हणजे वार तलवारीने अडवल्यावर, तो हक्क कसा उलटतो, हे नऊ वर्षांच्या मुलाला पाठ करावे लागते. पंधरा वर्षांची मुलगी ते एकदा ऐकते आणि लगेच प्रश्न विचारते. कबड्डी, खो-खो, अ‍ॅथलेटिक्स खेळून आलेल्या मुलींचे पाय तर आधीच तयार असतात. खो-खोतल्या मुलीला हूल कशी द्यायची हे कुणी शिकवावे लागत नाही.

मोठ्यांचे शिकणे या दोन्हींहून वेगळे, आणि त्याचा अनुभव आपल्याकडे फारच थोड्या प्रशिक्षकांना आहे. मोठ्या माणसाला डोक्याने आधी कळते आणि पाय मागून येतात. लंजमध्ये हात आधी सरळ झाला पाहिजे आणि पाय नंतर सुटला पाहिजे, हे मला पाच मिनिटांत समजले होते. पण शरीराने ते ऐकायला पूर्ण पावसाळा घेतला. मुलांना सांगावे लागते, ‘कर, मग कळेल.’ मोठ्यांना आधी सांगावे लागते की हे का करायचे. शिट्टी वाजवून पन्नास लंज मारायला लावले, तर पंचेचाळीस वर्षांचा माणूस पुढच्या आठवड्यात येणार नाही, आला तर पोटरी धरून येईल. त्याला गरम व्हायला जास्त वेळ लागतो, सावरायला त्याहून जास्त. उलट मनगटाचे बारीक काम, वाट बघणे, समोरच्याची सवय ओळखणे यांत मोठी माणसे लवकर तरबेज होतात.

ईपी तर जणू सगळ्या वयांसाठीच आहे. पायाच्या अंगठ्यापासून मास्कपर्यंत सगळे शरीर लक्ष्य, हल्ल्याच्या हक्काची भानगड नाही, ज्याचे टोक आधी लागले त्याचा गुण. दोघांचे टोक सेकंदाच्या साधारण पंचविसाव्या भागाच्या आत लागले, तर दोघांनाही गुण. आमच्या त्या हॉलमध्ये एका बँकेतून निवृत्त झालेले काका आणि दहावीतला एक मुलगा नेहमी पाच गुणांची लढत खेळायचे. मुलगा त्यांच्या दुप्पट वेगाने पिस्टवर पुढे-मागे नाचायचा. काका जागचे हलायचे नाहीत. मुलगा आत आला की ते फक्त हात लांब करायचे आणि टोक त्याच्या मनगटावर, तलवारीच्या वाटीला लागूनच टेकायचे. दिवा लागला की मुलगा चिडून मास्क वर करायचा. ‘काका, तुम्हाला कसं कळतं मी आता येणार ते?’ काका सांगायचे, ‘तू यायच्या आधी मागचा पाय थोडा ओढून घेतोस.’ त्यानंतर काही आठवडे त्या मुलाने त्या एकाच पायावर काम केले. सरांनी हीच गोष्ट त्याला अनेकदा सांगितली होती. पण समोर उभ्या असलेल्या, आपल्याला हरवणाऱ्या माणसाने सांगितली तेव्हा ती त्याच्या मनावर ठसली. मुलांच्या बॅचला मोठ्या माणसांची अशीही गरज असते.

मोठ्या वयात शिकून काय होणार, असे मला एका पदाधिकाऱ्यांनी विचारले होते. त्यांना मी येसी या गावाची हकीकत सांगितली, ती इथेही सांगते. इटलीच्या मार्के प्रांतातले हे साधारण चाळीस हजार वस्तीचे गाव. तिथला एझिओ त्रिकोली दुसऱ्या महायुद्धात पकडला गेला आणि दक्षिण आफ्रिकेतल्या झोंडरवॉटरच्या युद्धकैद्यांच्या छावणीत पोहोचला. तिथे एका ब्रिटिशाकडून तो तलवारबाजी शिकला. पंचविशी ओलांडलेला तरुण, तोही कैदेत. युद्ध संपल्यावर तो गावी परतला आणि १९४७ मध्ये येसीत तलवारबाजीचा क्लब सुरू झाला. त्या क्लबमधून स्तेफानो चेरिओनी आला, ज्याने १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये फॉईलचे वैयक्तिक सुवर्ण जिंकले. जोव्हान्ना त्रिल्लिनी आली, जिने १९९२ मध्ये बार्सिलोनात तेच केले. व्हालेंतिना व्हेझाली आली. २०००, २००४ आणि २००८ अशी सलग तीन वैयक्तिक सुवर्णे आणि सांघिक धरून एकूण सहा. एलिसा दि फ्रान्चिस्का आली, २०१२ ची वैयक्तिक विजेती. एका तालुक्याच्या गावाएवढ्या जागेतून हे सगळे घडले, आणि त्याच्या मुळाशी मोठ्या वयात तलवार धरलेला एक माणूस होता. मोठ्या वयात शिकणारा स्वतः पदक आणणार नाही, हे बहुतेक वेळा खरे असते. पण तो गावात राहतो. त्याला नोकरीसाठी, शिक्षणासाठी दुसरीकडे जायचे नसते. त्याचे घर, दुकान, शाळा इथेच असते. वीस-पंचवीस वर्षे हॉलची किल्ली सांभाळील असा माणूस अशांतूनच मिळतो.

वयाचा निकाल कागदावर लावू नये, असे मला वाटते ते आणखी एका माणसामुळे. हंगेरीचा अलादार गेरेविच सेबर खेळायचा. १९३२ पासून सांघिक सुवर्ण जिंकत आलेला. १९६० च्या रोम ऑलिम्पिकआधी त्याच्या संघटनेने त्याला सांगितले की आता तुमचे वय झाले. त्याने संघातल्या प्रत्येकाला एकेकाशी लढायचे आव्हान दिले आणि सगळ्यांना हरवले. रोममध्ये तो ५० वर्षांचा होता आणि त्याचे सलग सहावे सांघिक सुवर्ण त्याने तिथे मिळवले. डेन्मार्कचा इव्हान ओसिएर १९०८ ला पहिल्यांदा ऑलिम्पिक खेळला आणि १९४८ लाही खेळला. त्याची पत्नी एलन १९२४ मध्ये, महिलांची तलवारबाजी ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा आली तेव्हा, सुवर्ण घेऊन परतली. तेव्हा ती ३३ वर्षांची होती. आज आंतरराष्ट्रीय महासंघ पन्नाशी, साठी आणि सत्तरी पार केलेल्यांच्या जागतिक स्पर्धा भरवतो. त्यांच्या बाद फेरीची लढत १५ ऐवजी १० गुणांची असते, म्हणजे नियमांतही वयाचा विचार झालेला आहे. आपल्या जिल्ह्यांत मात्र वरिष्ठ गटाच्या पुढे गटच नाही.

दूर कशाला, कोल्हापूरच्या मर्दानी खेळांच्या आखाड्यात जाऊन बघा. दांडपट्टा फिरवणारे वस्ताद, त्यांचा मुलगा आणि नातू एकाच मातीत उभे असतात.

सुरक्षिततेची काळजी तुम्हाला असणार, आणि ती योग्यच आहे. मोठ्या माणसाचा वार जड बसतो. १९८२ मध्ये रोमच्या जागतिक स्पर्धेत मॉस्को ऑलिम्पिकचा फॉईल विजेता व्लादिमीर स्मिर्नोव्ह याच्या मास्कमधून प्रतिस्पर्ध्याचे तुटलेले पाते आरपार गेले आणि काही दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. आजचे मजबूत मास्क, जॅकेटचे कापड, पात्याचे पोलाद यांचे नियम त्यानंतर कडक झाले. म्हणून मोठ्यांच्या बॅचला मुलांचे जुने, दबलेले मास्क देऊन भागवू नये. प्रमाणित मास्क, जॅकेट, जॅकेटच्या आत घालायचे बगलेखालचे संरक्षक प्लॅस्ट्रॉन, स्त्रियांना छातीचे कवच, यात तडजोड नको. किटचा खर्च मोठी माणसे स्वतः करू शकतात, उलट त्यांच्या फीमधून मुलांसाठी दोन तलवारी जास्त येतील. चाळिशीपुढच्या नवशिक्याकडून डॉक्टरांचे पत्र घ्या, रक्तदाब आणि गुडघे तपासून घ्या. लहान पात्याच्या मुलांसमोर मोठ्यांना उभे करू नका. एवढी पथ्ये पाळली की घाबरण्यासारखे फारसे काही उरत नाही.

शस्त्र तपासणीच्या टेबलाबद्दल थोडे लिहायलाच हवे, कारण माझा सगळ्यात जास्त वेळ तिथे जातो. ईपीचे टोक म्हणजे स्प्रिंगवर बसलेले छोटे बटण. दोन्ही बाजूंना तांदळाच्या कणीएवढे दोन स्क्रू त्याला धरून ठेवतात. तलवार उभी धरून टोकावर ७५० ग्रॅमचे वजन ठेवायचे. दाबलेले टोक ते वजन वर उचलून धरते का, ते बघायचे. मग दीड मिलिमीटरची पट्टी टोकाच्या फटीत सरकते का, आणि अर्ध्या मिलिमीटरची पट्टी ठेवून दाबल्यावर दिवा लागत नाही ना, हे तपासायचे. स्क्रू सैल असेल तर घट्ट करायचा, हरवला असेल तर डबीतून दुसरा काढून लावायचा. यासाठी जवळचे बघायचा चष्मा लागतो आणि चिकाटी लागते. सतरा वर्षांचा खेळाडू हे काम करत नाही, त्याने करूही नये, त्याला खेळायचे असते. मागच्या एका जिल्हा स्पर्धेत तपासणीला माणूसच नव्हता. एका मुलीच्या तलवारीचा दिवा लढत चालू असताना लागेनासा झाला. दुसरी तलवार नव्हती. शेजारच्या संघाने उसनी दिली, पण तिची मूठ वेगळ्या आकाराची होती, आणि ती मुलगी त्या मुठीवर बोटे बसवत बसवतच उरलेले गुण गमावून बसली. वायर जोडायला वीस मिनिटे आणि एक सोल्डरिंग गन लागली असती. हे शिकून घ्यायला तयार असलेले इलेक्ट्रिशियन, घड्याळजी, शिक्षक, आया प्रत्येक जिल्ह्यात आहेत. त्यांना आत येऊ द्या.

पंचांचेही तेच. फॉईल आणि सेबरमध्ये पंचाला क्षणात सांगावे लागते की हल्ला कुणाचा, पॅरी कुणाची. हे पुस्तकातून येत नाही, स्वतः मार खाऊन येते. वर्षभर खेळलेली चाळिशीची व्यक्ती पंच म्हणून उभी राहिली, तर समोरच्या संघाचे प्रशिक्षक तिच्यावर आवाज चढवायला जरा बिचकतात, हाही एक फायदा आहे आणि तो छोटा नाही.

व्हीलचेअरवरची तलवारबाजी १९६० च्या रोम पॅरालिम्पिकपासून आहे. खुर्च्या जमिनीवर जखडलेल्या चौकटीत बसवतात आणि सगळी लढत धडाने आणि हाताने होते. हॉलमध्ये चढायला उतार आणि अशी एक चौकट असली, तर अपघातात पाय गमावलेल्या तिशी-चाळिशीच्या माणसालाही नवा खेळ मिळेल. आज कितीतरी संकुलांत हॉलपर्यंत पोहोचायलाच पायऱ्या आहेत.

माझ्या मागण्या या. प्रवेश अर्जावरची वीस वर्षांची मर्यादा काढा. मंगळवार-गुरुवार किंवा शनिवार-रविवार, मुलांच्या बॅचनंतर दीड तास मोठ्यांसाठी ठेवा, आणि शुल्कातला ठरावीक भाग मुलांच्या किटसाठी राखा. जिल्हा स्पर्धेत चाळिशीपुढच्या स्त्री-पुरुषांचा ईपीचा एक गट ठेवून बघा. पहिल्या वर्षी सहाच नावे आली तरी चालेल. बारावीनंतर किट परत करायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला पंच परीक्षेचा आणि सहायक प्रशिक्षकाच्या कामाचा अर्ज हातात द्या, पुण्या-मुंबईला शिकायला जाणार असेल तर तिथल्या हॉलचा पत्ता द्या. दहा वर्षांखालच्या मुलांच्या स्पर्धा कमी करा आणि तो वेळ फुटवर्कला द्या.

यातल्या बहुतेक गोष्टींना सरकारी मंजुरी लागत नाही. कार्यकारिणीच्या एका बैठकीत ठराव होऊ शकतो. क्रीडा संकुलाच्या वेळा बदलायला अडचण येत असेल, तर पालकांच्या सह्यांचे निवेदन आम्ही जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे घेऊन जाऊ. आमच्या भागातल्या काही पालकांनी शस्त्र तपासणीचे काम शिकून घेतले आहे आणि वजने, पट्ट्या, सोल्डरिंगचे सामान आमच्याकडे आहे. पुढच्या जिल्हा स्पर्धेची तारीख ठरली की कळवा, आदल्या संध्याकाळी येऊन आम्ही टेबल लावतो.

आपली,
एक पालक आणि ईपी खेळाडू